जुन्या घराची माडी

भद्रावतीच्या जुन्या वस्तीतून हिंडणाऱ्यास अजूनही काही घरे अशी आढळतात की, ज्यांस पुढे ओसरी, आत मधले घर व त्यावर एक बुटकी माडी आहे. या गावास भांदक म्हणत असत (आगगाडीच्या स्थानकाने ते नाव अद्यापि टाकलेले नाही), त्या काळच्या रीतीची ही घरे होत. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या व चांगल्या हातभर रुंद. खांब, म्याल आणि सरे सागाचे. वर कुंभाराचे कवेलू. माडीवर धान्याच्या कणग्या, चिंच, कांदे, लग्नकार्याची भांडी आणि मोडका पाळणा एवढ्यांचा वास असे. माणसे तेथे क्वचितच निजत. आता कणग्या गेल्या, आणि माणसांस जागा अपुरी पडू लागली. थोरल्या मुलाचे लग्न झाले आहे, धाकटीची दहावी आहे, आजोबांस खालची खोली सोडवत नाही. तेव्हा घरातील सर्वांची दृष्टी वर जाते.

'आमचे घर' या विषयावर आम्ही वर्गात निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा कित्येक विद्यार्थ्यांनी मोठ्या आनंदाने लिहिले की, यंदा माडी काढून वर स्लॅब पडणार आहे. हा आनंद आम्हांस समजतो. परंतु वर काय पडणार याचे वर्णन चार चार ओळी करणाऱ्यांपैकी एकानेही ते कशावर पडणार हे लिहिले नव्हते. म्हणून आज थोडे त्याविषयी.

प्रथम वजनाचा हिशेब करू. तो सातवीच्या गणिताहून कठीण नाही. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी खोली घेतली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे अकरा चौरस मीटर होते. देशी कवेलूंचे छप्पर, लाकडासह, दर चौरस मीटरास सुमारे ७० ते १२० किलो भरते. म्हणजे सबंध खोलीवर पाऊण टनापासून सव्वा टनापर्यंत भार आला. आता त्याच खोलीवर चार इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब घाला. सळईसह काँक्रीटचे वजन घनमीटरास सुमारे २,५०० किलो धरतात. त्या मानाने नुसता स्लॅब पावणेतीन टनांहून अधिक होतो. वरचा कोबा व खालचा गिलावा निराळाच. आणि गोष्ट येथे संपत नाही. माडी बुटकी म्हणून भिंती तीन फूट उंच करावयाच्या असतात. नऊ इंच रुंद व तीन फूट उंच विटांची भिंत प्रत्येक फूट लांबीस सुमारे १२० किलो भरते, आणि आमच्या खोलीचा घेर आहे चव्वेचाळीस फूट. गुणाकार करून पाहावा: पाच टनांहून अधिक! स्लॅबची भीती घालणारे पुष्कळ आहेत. पण भिंतीचे हे वजन स्लॅबच्या जवळजवळ दुप्पट भरते, इकडे कोणी लक्ष देत नाही.

एक टन वाहणाऱ्या मातीच्या भिंतीवर अशा रीतीने सात-आठ टन येऊन बसतात. भिंत रुंद आहे म्हणून ती काही काळ सोसते. परंतु आपल्या भागातील पुष्कळ जमीन काळी, चिकण आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील जोते वर्षातून थोडे वर आणि थोडे खाली होतच असते. लाकडाची चौकट आणि मातीची भिंत ही हालचाल थोडीफार पोटात घालतात. सांधा किंचित सैल होतो, गिलाव्यास केसाएवढी चीर पडते, दिवाळीस ती लिंपली की संपले. स्लॅबला असे लवणे ठाऊक नाही. तो सगळा एकसंध. भिंत एका कोपऱ्यात खचली की तो तेथे अधांतरी राहतो आणि आपला भार दुसऱ्या कोपऱ्यावर टाकतो. शिवाय कोळशाच्या उघड्या खाणींच्या आसपास राहणाऱ्यांस सुरुंगाचे हादरेही ओळखीचे आहेत.

डोक्यावरील वजन काय करू शकते हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस पाहिले. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत त्या भूकंपाने हजारो माणसे झोपेत मेली, त्यांतील फार मोठा भाग जाड दगडी भिंती आणि मातीच्या जाड धाब्यांखाली दडपला गेला. ती घरे कवेलूंची नव्हती, आणि आमचा मुलूख तो नव्हे. तथापि कच्च्या भिंतीवर जड छत, हा संयोग तोच आहे. तेथे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, येथे आपण तो पैसे खर्चून नव्याने करीत आहोत.

आमच्या माहितीतील एका घरी दोघा भावांची वाटणी झाली. थोरल्याने माडी जशीच्या तशी ठेविली. धाकट्याने आपल्या अर्ध्या भागावर स्लॅब घातला. मधली भिंत दोघांची. पहिल्याच श्रावणात तिच्या पोटाला फुगवटा आला, दार लागेनासे झाले, आणि दोन्ही बिऱ्हाडांस टेकू लावून भाड्याच्या घरात जावे लागले. त्या भिंतीच्या खर्चावरून जे बोलणे झाले त्याने घर दुसऱ्यांदा फुटले. अशा वेळी दोष कोणाचा हे ठरविणे सोपे नसते, कारण कोणीच खोटेपणा केलेला नसतो. भिंत कशाची आहे हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

तर मग पाहावे कसे? माडीचे काम खालून आरंभावे. जोत्याशी ओल किती उंच चढली आहे, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरते की दूर वाहून जाते, हे प्रथम. वाळवी (आपल्याकडे उधई म्हणतात ती) बहुधा जमिनीतून भिंतीच्या आतून मातीचे बोगदे करीत वर चढते. म्हणून माडीवरच्या लाकडास औषध चोपडून जोते तसेच सोडणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे होय. त्यानंतर लाकूड. सागाच्या गाभ्याचे लाकूड टिकाऊ खरे, परंतु बाहेरचा फिकट थर तसा नसतो. त्यास कीड लागते. म्याल मध्यभागी कधी कुजत नाही असे नाही, पण बहुधा कुजते ते भिंतीत गाडलेले टोक, कारण तेथे ओल असते आणि वारा नसतो. टोकाशी थोडा गिलावा काढून आरी टोचून पाहावी. ती कष्टाने अर्धा दोरा शिरली तर लाकूड शाबूत आहे. लोण्यात शिरावी तशी शिरली तर म्याल दिसतो तेवढाच उरला आहे. लाकडाच्या मधोमध हातोडीने हलकेच ठोकावे; भरीव व पोकळ आवाजातील भेद लहान मुलासही कळतो.

येथे एक गोष्ट आडवाटेने सांगतो. पूर्वी खाली चूल पेटे व तिचा धूर माडीतून कवेलूंच्या फटींनी बाहेर जाई. सरे काजळून काळे होत आणि सुगरणीस त्याचा त्रास होई. परंतु धुरकटलेल्या लाकडाकडे कीड सहसा फिरकत नाही, हे सुतारांस पक्के ठाऊक होते. घरात गॅस आला, ही आमच्या माउलींच्या डोळ्यांस व फुप्फुसांस मोठीच सुटका झाली. मात्र लाकडाची ती राखण गेली, आणि तिच्या जागी दर दोन-तीन वर्षांनी नीट तपासणी हवी, हे सांगावयास कोणी उरले नाही.

म्यालाचे टोकच तेवढे गेले असेल तर सबंध म्याल बदलण्याचे कारण नाही. जाणता सुतार कुजका भाग कापून त्यास सुक्या सागाचा तिरका जोड देतो व दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळतो. पाटणी चालताना हलत असेल तर ते लाकूड वाईट असल्याचे लक्षण नव्हे. सरे बारीक असल्याचे आहे. पट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवून पाहा. पदार्थविज्ञानाचा सगळा धडा त्यात आला. सऱ्याची रुंदी दुप्पट केली तर त्याचे वाकणे निम्मे होते, पण उंची दुप्पट केली तर ते आठव्या हिश्श्यावर येते. आणि मधोमध खालून एक लोखंडी गर्डर आडवा दिला, म्हणजे सऱ्याचा पल्ला निम्मा झाला, तर तितक्याच भाराखाली तो सोळाव्या हिश्श्याएवढाही वाकत नाही. या गर्डरची टोके मात्र मातीच्या भिंतीत खुपसू नयेत. जमिनीपर्यंत उतरलेल्या आणि स्वतःचा पाया असलेल्या खांबांवर ती टेकवावी. हे काम कोणत्या मापाचे, हे मिस्त्रीच्या अंदाजावर न सोडता एकदा स्थापत्य अभियंत्यास घर दाखवून विचारावे. त्याची फी भिंतीच्या किमतीपुढे काहीच नाही. नगरपरिषदेची परवानगीही त्याच वेळी मागावी.

न्हाणीघर आणि पाण्याची टाकी माडीवर नको, हे आमचे मत जरा कठोर वाटेल. पाचशे लिटरची टाकी म्हणजे पाचशे किलो. सात-आठ धडधाकट माणसे एकाच कोपऱ्यात रात्रंदिवस उभी केल्यासारखे ते आहे. पाणी गळते, आणि गळलेले पाणी म्यालाच्या टोकाकडे वाट काढते. परसाच्या अंगास नवे चार खांब उभे करून त्यांवर न्हाणीघर व टाकी बांधावी, आणि माडीतून तेथे एक दार काढावे. जुन्या घराने नव्याचे ओझे न घेता नुसता शेजार द्यावा, हे बरे.

गिलाव्याविषयी थोडक्यात. मातीच्या भिंतीतील ओल बाहेर पडू शकते म्हणून ती भिंत जगते. तिच्यावर सिमेंटचे कवच चढविले की ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि दोन-चार पावसाळ्यांनी कवचच सोलून पडते. मातीत शेण व तणस कुजवून केलेला लिंपा, किंवा चुन्याचा गिलावा, हेच तिचे खरे वस्त्र. चुना हवेतील कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा दगड होतो. त्यास वेळ द्यावा लागतो, आणि घाई असलेला गवंडी तो देत नाही.

आता उष्म्याकडे वळू, कारण स्लॅबच्या बाजूने बोलणारे 'माडी तापते' एवढे एकच कारण सांगतात. चंद्रपूरचा पारा २०१९ च्या मे महिन्यात ४७ अंशांच्या पुढे गेला होता. तेव्हा माडी तापते यात संशय नाही. परंतु कवेलू दिवसा तापतो व सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते मध्यरात्रीपर्यंत खाली निजलेल्यांच्या अंगावर ओततो. कवेलूखाली वीतभर किंवा हातभर अंतर सोडून बुरुडाकडून विणून घेतलेल्या बांबूच्या तट्ट्यांचे छत बसवावे, आणि आढ्याजवळ दोन्ही अंगांस झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. आमच्या जिल्ह्यात बांबूची वाण नाही आणि बुरुडास काम हवे आहे.

कवेलू कोणता, हाही प्रश्न आहे. कुंभार चाकावर नळी काढून तिचे दोन भाग करतो तो देशी कवेलू स्वस्त; पण वांदरांच्या एका फेरीत शेकड्याने फुटतो आणि दरसाल फेरावा लागतो. मंगळुरी कवेलूस खाचा असल्यामुळे ते एकमेकांत अडकून बसतात. या दुसऱ्या कवेलूचा कारखाना मिशनच्या लोकांनी काढला, हे आमच्या वाचकांस ऐकावयास आवडेल. बासल मिशनचे गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू येथे तो सुरू केला. धर्मांतरामुळे ज्यांचे जुने धंदे सुटले त्यांस पोटापाण्याचे काम मिळावे हा त्यात हेतू होता. वांदरांपुढे तोही अजिंक्य नाही. पण देशी कवेलूहून टिकतो, व लाकडी सांगाडा फारसा न बदलता बसविता येतो.

जिन्याची मात्र आम्ही बाजू घेणार नाही. जुने जिने अंधारे, उभे आणि कठड्याविना असत. धान्याच्या पोत्यास ते चालत, आजीस चालत नाहीत. पायरीची उंची साडेसात इंचांहून अधिक व रुंदी दहा इंचांहून कमी असू नये. कठडा मीटरभर उंच असावा आणि त्याच्या गजांतून लहान मुलाचे डोके जाऊ नये. नवे घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्यास कठडा कर, अशा अर्थाची आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. मोशेच्या नियमशास्त्रात यज्ञ व सण यांच्या जोडीस ही साधी गोष्ट आली, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. आणि पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबल्यामुळे त्रोवस येथे युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला, ही कथा तर विद्यार्थी फार आवडीने सांगतात. तो वाचला, पण माडीच्या खिडकीस गज असावेत ते असावेतच.

उतरविलेले जुने लाकूड विकण्याची घाई करू नये. दारावर येणारा व्यापारी ते सरपणाच्या भावाने मागतो, आणि रंधा मारून सागाच्या भावाने विकतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागास मान आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपुराहून याच रानांतील सागवान गेले. तुमच्या माडीतील सरा त्याच रानातला, आणि शिवाय पन्नास-पाऊणशे वर्षे सुकलेला आहे. आता तो पिळवटणार नाही. त्यातून खिडक्या, जिन्याच्या पायऱ्या, अभ्यासाचे टेबल निघते. नवे सागवान घेतलेच तर पावती व वनखात्याचा वाहतूक परवाना पाहून घ्यावे.

कामाचा काळ दिवाळीनंतरचा. तेव्हा भिंती सुकू लागलेल्या असतात आणि चुन्यास मंद ऊन मिळते. लाकडाचे काम माघापर्यंत आटोपावे, गिलावा फाल्गुनात. कवेलू वैशाखात चढवावेत व चारदोनशे जास्तीचे परसात रचून ठेवावेत, कारण मृगाचा पहिला वादळी पाऊस काही फोडतोच, आणि त्या आठवड्यात कुंभार व सुतार दोघेही शेतावर असतात.