भासाची तेरा नाटकं खरंच भासाची? वादातला महत्त्वाचा पुरावा बडोद्यात छापला गेला

बडोदा : शेक्सपिअरची नाटकं त्याने लिहिलीच नाहीत, बेकनने लिहिली, मार्लोने लिहिली, हा वाद दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे. पण तिथे निदान १६२३ च्या संग्रहावर शेक्सपिअरचं छापील नाव तरी आहे. आपल्याकडे संस्कृत नाटककार भासाच्या बाबतीत तेही नाही.

वाद काय आहे?

कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या सुरुवातीला भासाचं नाव आदराने घेतलंय. म्हणजे भास त्याच्याआधीचा आणि नावाजलेला. नाटकं मात्र अभ्यासकांच्या हाती नव्हती. १९०९ मध्ये टी. गणपतिशास्त्रींना त्रावणकोर संस्थानात मल्याळम लिपीतल्या ताडपत्रांवर काही नाटकं मिळाली. १९१२ पासून त्यांनी ती त्रिवेंद्रमहून छापली, एकूण तेरा. पोथ्यांवर लेखकाचं नावच नव्हतं!

मग नाव कशावरून ठरलं?

बाणभट्टाने म्हटलंय की भासाची नाटकं सूत्रधारापासून सुरू होतात. ही तशीच सुरू होतात. शिवाय त्यात 'स्वप्नवासवदत्त' आहे, आणि ते भासाचं असल्याचं राजशेखराच्या नावावरचा एक श्लोक सांगतो. उरलेल्या बारांची भाषा आणि धाटणी त्याच्याशी जुळते, म्हणून तीही भासाची.

विरोधकांचं म्हणणं, केरळातल्या दुसऱ्या लेखकांच्या पोथ्याही अशाच सुरू होतात. म्हणजे ही खूण भासाची नाही, तिथल्या रंगभूमीची.

बडोद्याचा संबंध कुठे येतो?

१९१६ मध्ये सुरू झालेल्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये १९२९ साली 'नाट्यदर्पण' छापलं गेलं. लेखक रामचंद्र आणि गुणचंद्र, बाराव्या शतकातल्या गुजरातचे, हेमचंद्राचे शिष्य. त्यांनी भासाच्या 'स्वप्नवासवदत्ता'तला म्हणून एक श्लोक दिलाय. चुरगळलेली फुलं आणि ऊबदार शिळा पाहून वत्सराज ओळखतो, इथून आत्ताच कोणी तरी उठून गेलंय.

गंमत अशी, की त्रिवेंद्रमच्या प्रतीत हा श्लोक नाही. पण चौथ्या अंकात शेफालिकेची फुलंही आहेत आणि शिळाही. विरोधक म्हणतात, मूळ नाटक वेगळंच होतं. समर्थक म्हणतात, नाटक तेच, श्लोक तेवढा गळाला. केरळात ही नाटकं करणाऱ्या चाक्यार नटांनी प्रयोगासाठी काटछाट केली असणार.

राजशेखराचा तो श्लोक असलेली जल्हणाची 'सूक्तिमुक्तावली'ही याच मालेत १९३८ ला निघाली. जल्हण देवगिरीच्या यादवांच्या पदरचा, म्हणजे आपल्याच मुलखातला.

मराठी अभ्यासक कोणाच्या बाजूने?

दोन्हीकडे. चिं. रा. देवधरांनी १९२७ मध्ये शंका मांडली, अ. द. पुसाळकरांनी १९४० मध्ये भासाची बाजू घेतली. वि. सी. सुखटणकरांनी 'चारुदत्त' आणि 'मृच्छकटिक' शेजारी ठेवून तपासली आणि 'चारुदत्ता'चा पाठ जास्त जुना असल्याचं मत दिलं.

आज काय म्हणता येईल?

'स्वप्नवासवदत्ता'वर भासाचा हक्क सगळ्यात भक्कम आहे, भले संहिता थोडी बदललेली असेल. पण एका पावतीवर तेरा नग खपवता येत नाहीत. 'ऊरुभंगा'च्या जाहिरातीत 'लेखक : भास' छापतात, त्यामागे पोथीवरची सही नाही, अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि काटछाट खरंच चाक्यारांनी केली असेल, तर शतकानुशतकं ही नाटकं जगवणाऱ्या त्या नटांचंही नाव कुठे तरी लागायला हवं.