नळीच्या टोकावरचे पाच सूत

गॅरेज हे गाडी ठेवण्यासाठी असतं, हा समज अमेरिकेत पहिल्या दोन-तीन वर्षांत गळून पडतो. शनिवारी सकाळी गल्लीतली शटरं वर जातात आणि कुणाच्या गॅरेजात सुतारकाम, कुणाच्या गॅरेजात उघडलेलं इंजिन, तर एखाद्याच्या गॅरेजात चक्क लेथ दिसतो. जुना साउथ बेंड नाहीतर अ‍ॅटलस, आजोबांकडून आलेला. आपल्यातल्या ज्यांनी आयटीआयच्या किंवा डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर आटे पाडलेत, त्यांचे पाय तिकडे आपोआप वळतात. तेलाचा वास तोच, चकाची किल्ली तीच. फरक एवढाच, की इथे त्या लेथवर कधीकधी रायफलची नळी चढलेली असते.

गावाकडच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते दचकतात, आणि त्यांचं दचकणं बरोबरच आहे. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदूक बाळगायला परवाना लागतो, आणि ती बनवायला, दुरुस्त करायला किंवा तिच्यात बदल करून द्यायलाही वेगळा परवाना लागतो. नळी आखूड करायची तर त्याचीही स्वतंत्र परवानगी. अमेरिकेत मात्र स्वतःच्या रायफलच्या नळीला स्वतःच आटे पाडण्याला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. पण ‘आडकाठी नाही’ आणि ‘काळजी नाही’ यांत बरंच अंतर आहे, आणि या लेखाचं कारण तेच अंतर आहे.

आधी काम काय आहे ते पाहू. नळीच्या तोंडाशी, बाहेरच्या अंगाला, जेमतेम पाच सूत लांबीत आटे पाडायचे. त्यांवर ज्वाला दडवणारा भाग, धक्का कमी करणारा ब्रेक किंवा आवाज दाबणारा सायलेन्सर बसतो. कारखान्यातूनच आटे पाडून आलेल्या रायफली आज कुठेही मिळतात. मग घरी हा खटाटोप कशाला?

उत्तर 1994 सालात आहे. त्या वर्षी 13 सप्टेंबरला अमेरिकेत एक बंदी लागू झाली. काढता-घालता येणारं मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीत पाच ठरावीक गोष्टींपैकी दोन असल्या, तर ती नव्याने बनवून सामान्य ग्राहकाला विकता येणार नव्हती. दुमडता किंवा आखूड करता येणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची सोय, ग्रेनेड फेकायची सोय, आणि ज्वाला दडवणारा भाग किंवा तो बसेल असे नळीवरचे आटे. कारखानदारांनी काय केलं? मूठ ठेवली, बाकीचं काढलं. संगिनीचा खुंट तासला आणि नळीचं टोक गुळगुळीत सोडलं. बंदी दहा वर्षांनी, 2004 मध्ये, मुदत संपून गेली. त्या दहा वर्षांत बनलेल्या बिनआट्यांच्या रायफली मात्र अजून लोकांच्या कपाटांत आहेत. एखाद्या देशातला राजकीय वाद लोखंडावर इतका स्पष्ट उमटलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता माशी. नेम धरायचा पुढचा उंचवटा, त्याला जुन्या मराठीत माशी म्हणत. ए आर-15 धर्तीच्या रायफलीवर ही माशी एका त्रिकोणी ठोकळ्यावर उभी असते आणि ठोकळा नळीभोवती बसवलेला असतो. गोळी सुटल्यावर नळीतला थोडा वायू एका बारीक भोकातून याच ठोकळ्यात येतो आणि नळकांडीतून मागे जाऊन पुढची गोळी भरण्याचं काम करतो. लहान लेथच्या पोकळ स्पिंडलमधून नळी सरकवायची तर हा ठोकळा आडवा येतो. म्हणून तो आधी काढावा लागतो.

आणि तिथेच पहिली परीक्षा होते. ठोकळा दोन टेपर पिनांनी धरलेला असतो. टेपर पिन म्हणजे एका टोकाला किंचित बारीक, दुसऱ्याला किंचित जाड. जात्याचा खुंटा आठवा, ठोकाल तितका घट्ट. बारीक टोकावर मारली तरच पिन सुटते. उलट्या बाजूने मारली तर प्रत्येक घावाला ती आणखी आवळते आणि वर तिचं डोकं फुलून बसतं. वीस-पंचवीस वर्षं तापून-थंड होऊन बसलेली पिन नुसत्या जोराने ऐकत नाही. नळीला खालून पक्का टेकू, आदल्या दिवशी सोडलेलं तेल, योग्य मापाचा पंच आणि थोडकेच पण वजनदार घाव, एवढं असलं तर ती येते. भोकं कारखान्यात ठोकळा आणि नळी एकत्र धरून पाडलेली असतात, त्यामुळे ही जोडी मोडता येत नाही. दुसऱ्या रायफलीचा ठोकळा आणून बसवू म्हटलं तर भोकं जुळत नाहीत. पिनाही ज्या भोकातल्या त्याच भोकात जायला हव्यात, नाहीतर माशी कलते आणि वायूचं भोक सरकलं तर रायफल दर गोळीला अडखळते.

हे सगळं व्हायच्या आधी रायफल रिकामी आहे याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करायची आणि काडतुसं त्या खोलीतच ठेवायची नाहीत, हे वेगळं सांगायची गरज पडू नये. पण सांगतो.

आटे पाडणं हे त्यामानाने ओळखीचं काम वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. .223 च्या रायफलीला इथे बहुधा अर्धा इंच व्यासावर इंचाला 28 आटे असतात. .308 ला पाच सुतांवर 24. कलाश्निकोव्हच्या अनेक नळ्यांना 14 मिलिमीटरवर एक मिलिमीटर पिचचे, तेही डावे आटे. अर्धा इंची 28 चा आटा खोलीला जेमतेम 22 थाऊ, म्हणजे इंचाचे 22 हजारांश. एवढ्याशा खोलीत चूक झाकायला जागा नसते.

खरी अडचण आट्यांची नाही, मध्याची आहे. नळीचं आतलं भोक लांब ड्रिलने पाडलेलं असतं आणि लांब ड्रिल थोडं भरकटतंच. बाहेरचा गोल आणि आतला गोल यांचा मध्य एकच असेल याची हमी नसते. गोळी मात्र आतल्या मध्यावरून जाते. म्हणून जाणता टर्नर नळी बाहेरून बघून चकात आवळत नाही. आतल्या भोकाला डायल लावून, चार जबड्यांचा चक थाऊ-थाऊने हलवत, भोकाचाच मध्य पकडतो. आटे पाडायला जितका वेळ, त्याच्या कितीतरी पट या जुळवणीला लागतो. नुसती हातडाय घेऊन, व्हाइसमध्ये नळी धरून, डोळ्याने सरळ बघत पाडलेले आटे बोल्टला चालतात, नळीला नाही.

हिशेबच करून बघा. आटे पाव अंश कलले, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतके. त्यांवर सात इंचांचा सायलेन्सर बसवला तर त्याचं पुढचं तोंड मध्यापासून सुमारे 30 थाऊ सरकतं. सायलेन्सरच्या आतल्या पडद्यांना गोळी जाण्यापुरती भोकं असतात, फार मोकळी नसतात. गोळी पडद्याच्या कडेला घासली तर सायलेन्सर फाटू शकतो, आणि तो फाटतो ते धरणाऱ्याच्या हातापासून फुटा-दीड फुटावर.

आट्यांचा आणि रायफलीचा संबंध तसा जुना आहे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये सगळ्या देशाने एकाच मापाचे आटे वापरावेत असा प्रस्ताव मांडला, 55 अंशांचा आटा. आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपांत ‘व्हिटवर्थचा टॅप’ म्हणत तो हाच. पुढे त्याच व्हिटवर्थने षटकोनी भोकाची रायफल बनवली. 1860 मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्‌घाटन व्हिक्टोरिया राणीने याच रायफलीचा बार काढून केलं, अर्थात रायफल आधीच नेम धरून पक्की आवळलेली होती. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा आटा सुचवला, आणि दोन देश दोन वाटांनी गेले. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचाला 12 आटे, अर्धा इंची अमेरिकन बोल्टला 13. दुसऱ्या महायुद्धात या एका आट्याने दोस्त राष्ट्रांना भरपूर सतावलं. शेवटी 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी 60 अंशांचा एकच आटा मान्य केला. कुणी गावाकडून वडिलांची टॅप-डायची पेटी आणली असेल तर ती जपून ठेवावी, पण या कामाला लावू नये.

आता कायदा. आपल्या मंडळींसाठी हा भाग आट्यांपेक्षा नाजूक आहे.

रायफलीची नळी 16 इंचांपेक्षा आखूड असली तर 1934 च्या कायद्याने ती वेगळ्या नोंदणीची वस्तू होते. बऱ्याच नळ्या बरोब्बर 16 इंचांच्याच असतात. समजा आटे बिघडले. लेथवरच्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो, बिघडलेला तुकडा कापू आणि पुन्हा पाडू. पाच सूत कापले की राहिले पंधरा इंच तीन सूत, आणि तो माणूस आपल्याच गॅरेजात उभ्या उभ्या केंद्रीय गुन्ह्याचा धनी झाला. त्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची कैद आहे.

राज्यांचं आणखी वेगळं. पेनसिल्व्हेनियात आटे पाडलेली नळी ही रोजची गोष्ट. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत आलात, की पिस्तुलासारखी मूठ आणि नळीवरचे आटे या दोन गोष्टी मिळून तीच अर्धस्वयंचलित रायफल बंदीच्या यादीत जाऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये 2013 पासून अशा रायफलीला नुसते आटे पुरेसे आहेत, दुसरं काही लागत नाही. नोकरी बदलून घर हलवणारे आपल्यात कमी नाहीत. ट्रकमध्ये सामान भरताना ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही.

सर्वांत महत्त्वाचं व्हिसाचं. ग्रीन कार्ड असलेल्याला रायफल बाळगता येते. एच-1बी, एच-4, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, रायफल आणि काडतुसं दोन्ही बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. ‘बाळगणं’ म्हणजे मालकी नव्हे, ताबा. मित्राच्या गॅरेजात पिन ठोकून दिली, नळी लेथवर धरली, रेंजवर हौसेने दोन बार काढले, यातला ताबा सिद्ध करायला वकिलाला फार कष्ट पडत नाहीत. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, आणि शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. नव्याने आलेली मुलं रेंजवरचे फोटो किती सहज टाकतात हे पाहतो तेव्हा पोटात गोळा येतो. त्यांच्या आईवडिलांना हे कळवावं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

दुसऱ्याला करून देण्याबाबतही प्रश्न येतात. पोटापाण्यासाठी बंदुकांचं काम करणाऱ्याला केंद्रीय परवाना लागतो. क्वचित कधी दुरुस्ती करून देणाऱ्याला कायद्याने त्यातून वगळलं आहे. पण ‘क्वचित’ म्हणजे किती हे कुठे आकड्यात लिहिलेलं नाही. दर शनिवारी कुणीतरी नळी घेऊन गॅरेजशी उभं राहायला लागलं, की ते क्वचित उरलं नाही. अशा वेळी परवानाधारक गनस्मिथचं नाव सांगून मोकळं व्हावं. त्याच्याकडे नळी मापायला गेज असतो आणि बिघडली तर जबाबदारी त्याची असते.

सायलेन्सरवरचा 200 डॉलरचा कर 1934 पासून तसाच होता, तो 1 जानेवारी 2026 पासून शून्यावर आला. त्यामुळे जुन्या गुळगुळीत नळ्या पुन्हा कपाटांबाहेर निघणार यात शंका नाही. कर गेला असला तरी अर्ज, बोटांचे ठसे आणि नोंदणी कायम आहे, आणि मंजुरी येईपर्यंत सायलेन्सर दुकानातच राहतो. तोवर नव्या आट्यांवर घालायला एक छोटी पोलादी टोपी मिळते. ती घालून ठेवावी. 22 थाऊ खोलीचा आटा कपाटाच्या कडेवर एकदा आपटला तरी चेपतो.