वाकड्या रेणूची किमया

रसायनशास्त्राचा हिशेब पाहिला तर पाणी पृथ्वीवर वायुरूपातच असायला हवे होते. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खाली गंधक आणि सेलेनियम येतात. या दोघांची हायड्रोजनबरोबरची संयुगे आपल्या नेहमीच्या तापमानाला वायू असतात. हायड्रोजन सल्फाइड तर उणे 60 अंश सेल्सिअसलाच उकळते. पाण्याचा रेणू त्याहून हलका, म्हणजे त्याने आणखी लवकर उकळायला हवे. प्रत्यक्षात पाणी उकळायला 100 अंश लागतात.

याचे कारण रेणूच्या वाकडेपणात आहे. ऑक्सिजनला जोडलेले हायड्रोजनचे दोन अणू सरळ रेषेत नसतात; त्यांच्यात सुमारे 104.5 अंशांचा कोन असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार येतो. रेणू सरळ असता तर कार्बन डायऑक्साइडप्रमाणे दोन्हीकडची ओढ परस्परांना रद्द करून गेली असती. वाकडेपणामुळे ती शिल्लक राहते आणि एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. हाच हायड्रोजन बंध. तो दुबळा असतो; सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतो आणि पुन्हा जुळतो. पण थेंबाथेंबात असे बंध अगणित असतात.

पाणी तापवताना बरीचशी उष्णता हे बंध सैल करण्यातच खर्ची पडते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. तेवढ्याच वाळूला तिच्या पाचव्या हिश्शाएवढी पुरते. म्हणूनच मे महिन्यात नागपूर 45 अंशांकडे झेपावत असताना मुंबईचा पारा बहुधा पस्तिशीच्या आगेमागे अडतो. दुपारचे खारे वारे समुद्राचा हा थंडपणाच किनाऱ्यावर आणतात. आपल्या शरीरातही सुमारे 60 टक्के पाणीच असल्याने बाहेरच्या चढउतारांचे धक्के पचतात. त्यातूनही उष्णता वाढली तर घाम येतो. एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेकडून जवळपास 580 कॅलरी घेऊन जातो. मात्र हवा दमट असली की घाम वाळत नाही. मुंबईकरांना कमी तापमानातही जीव नकोसा होतो तो त्यामुळे.

गोठताना हेच बंध रेणूंना षट्कोनी, पोकळ जाळीत बसवतात. त्यामुळे बर्फ पाण्यापेक्षा सुमारे 9 टक्के जास्त जागा व्यापतो आणि तरंगतो. पाणी सर्वांत जड असते ते 4 अंशांना. दहावीच्या पुस्तकातले होपचे उपकरण हेच असंगत आचरण दाखवते. सायबेरियातल्या बैकल सरोवरावर हिवाळ्यात मीटरभर जाडीचा बर्फ साचतो, पण तोच खालच्या पाण्याचे थंडीपासून रक्षण करतो आणि त्या पाण्यात मासे व सील जगतात. बर्फ बुडणारा असता तर थंड प्रदेशांतली तळी तळापासून गोठत गेली असती.

मीठ, साखर, खनिजे पाण्यात विरघळतात ती रेणूच्या या प्रभारित टोकांमुळे. रक्तातून अन्नाची ने-आण त्यामुळेच शक्य होते. तेल मात्र पाण्यात मिसळत नाही आणि तेही आपल्या पथ्यावर पडले आहे. पेशीचे पटल स्निग्ध रेणूंचे असते. पाणी त्यांना सामावून घेत नाही, म्हणून ते एकमेकांना बिलगून पडदा तयार करतात. पाण्यात सगळेच विरघळले असते तर पेशीला आत-बाहेर उरलेच नसते.

त्यामुळे परग्रहांवरच्या जीवसृष्टीचा शोध द्रवरूप पाण्यापासून सुरू होतो. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली खारा महासागर असल्याचे भक्कम पुरावे आहेत. तिथली परिस्थिती जीवनाला पोषक आहे का, हे तपासण्यासाठी नासाचे ‘युरोपा क्लिपर’ यान ऑक्टोबर 2024 मध्ये निघाले असून ते 2030 मध्ये गुरूजवळ पोहोचणे अपेक्षित आहे.