संगणकीय खेळांची पायरसी आणि नक्कल-प्रतिबंधक तंत्राची परिणामकारकता

प्रस्तावना :
संगणकीय खेळाची प्रत मुळाबरहुकूम निघते. हेच त्याच्या पायरसीचे मूळ होय. ती रोखण्यासाठी निर्माते जे कुलूप बसवितात ते कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्र व त्याची मर्यादा :
मराठी अध्यापकवर्गाला असे कुलूप खेळांपेक्षा अक्षरजुळणीमुळे अधिक परिचित आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी' डोंगलसह मिळत असे. डोंगल हरवले की विकत घेतलेले सॉफ्टवेअरही निरुपयोगी! खेळांच्या बाबतीत हीच अडचण अधिक तीव्र होते. खेळ चालावयाचा तर कुलपाची किल्ली ग्राहकाच्या संगणकात पोहोचवावीच लागते, आणि जे तेथे पोहोचते ते कुशल व्यक्तीस शोधून काढता येते. २००८ मधील 'स्पोअर' या खेळाला 'सिक्युरॉम' तंत्र होते व प्रारंभी तो तीनदाच कार्यान्वित करता येई. तथापि त्याची बेकायदा प्रत अधिकृत प्रकाशनापूर्वीच बाहेर आली. बंधन पाळावे लागले ते पैसे मोजणाऱ्यालाच.

मग हे तंत्र व्यर्थ म्हणावे काय ? तसे म्हणता येत नाही. २०१४ पासून वापरात आलेल्या 'डेन्युव्हो'विषयी विल्यम व्होल्कमन यांनी २०२४ मध्ये अभ्यास मांडला. त्यानुसार कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटल्यास महसुलात सरासरी सुमारे २० टक्के घट संभवते. बारा आठवड्यांनंतर फुटल्यास ती नगण्य असते. खेळाची बहुतेक कमाई आरंभीच होते. म्हणजे येथे कुलपाचे काम कायम राखण करणे नसून काही आठवडे मिळवून देणे एवढेच आहे. त्यानंतरही ते ठेवण्यात ग्राहकाचा जाच तेवढा उरतो. कारंजा (लाड) सारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे इंटरनेट व वीज खंडित होणे नवलाचे नाही, तेथे सतत जोडणीची अट विशेष जाचक ठरते.

कायद्याची जोड :
महाराष्ट्राने १९८१ च्या स्थानबद्धता अधिनियमात २००९ मध्ये 'व्हिडीओ पायरेट्स'चा समावेश केला. केंद्राच्या २०१२ च्या दुरुस्तीने प्रतिलिप्यधिकार अधिनियमात कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. येथे 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने मना न केलेल्या कारणासाठी कुलूप उघडणाऱ्यास हे कलम गुन्हेगार ठरवीत नाही.