विजेचा दुहेरी जमाखर्च

दिल्ली-जयपूर महामार्गावर, गुरुग्रामच्या पुढे मानेसर ही उद्योगनगरी आहे. तेथील ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी’ या संस्थेत विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्यांची कसोटी लागते. २०२२ साली देशात विजेच्या काही दुचाकींना आगी लागल्यावर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक करण्यात आले. बॅटरी प्रमाणाबाहेर भरू अथवा रिती होऊ लागली, तर तिच्या रक्षक यंत्रणेने आपण होऊन प्रवाह तोडावा, अशी अपेक्षा असते. अशा यंत्रणेला दाब आणि तापमान यांच्याबरोबरच प्रवाहाचाही चोख हिशेब हवा असतो.

हा हिशेब दुहेरी आहे. वाहन धावते तेव्हा वीज खर्ची पडते. बॅटरी भरताना ती जमा होते. शिवाय वेग आवरताना मोटरच जनित्र बनते आणि क्षणार्धात प्रवाहाची दिशा उलटते. म्हणून प्रवाह किती, एवढेच कळून भागत नाही. तो कोणीकडे वाहतो, हेही कळावे लागते.

त्यासाठी प्रवाहाच्या वाटेवर अत्यल्प रोधाची धातूची पट्टी बसवितात. ओमच्या नियमानुसार, प्रवाह वाढेल त्या प्रमाणात पट्टीच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक वाढतो. पट्टीचा रोध अर्धा मिलिओहम असेल, तर १०० अँपिअर प्रवाहाने ५० मिलिव्होल्ट फरक पडतो. रोध वाढवावा, तर पट्टी तापून वीज वाया जाते. म्हणून रोध अल्पच ठेवून हा फरक विवर्धकाकडून, समजा, २० पट वाढवून घेतात; त्याचा एक व्होल्ट होतो.

परंतु ० ते ५ व्होल्टांच्या मर्यादेत काम करणारा विवर्धक उलटा प्रवाह दाखविणार कसा? त्यावरील तोड सोपी आहे. शून्य प्रवाहाची खूणच २.५ व्होल्टांवर ठेवावयाची. मग १०० अँपिअर खर्च होत असता ३.५ व्होल्ट, आणि तितकेच जमा होत असता १.५ व्होल्ट दिसतात. तराजूचा काटा मधून दोन्हीकडे झुकावा, तसेच हे आहे.

खरी मेख आहे ती या शून्यातच. विवर्धकाच्या मुखाशी अवघ्या ५० मायक्रोव्होल्टांची चूक असली, तर वाहन उभे असतानाही ०.१ अँपिअर प्रवाह वाहत असल्याचा भास होतो. दहा दिवसांत वहीत २४ अँपिअर-तासांची खोटी नोंद साचते. ती जमेकडे पडली, तर भरलेली दिसणारी बॅटरी वाटेतच संपते. म्हणून शून्य पुनःपुन्हा तपासावे लागते, आणि विसावलेल्या बॅटरीच्या दाबाशी वही ताडून पाहावी लागते. मोठ्या आकड्यांचा विश्वास अखेर शून्याच्या खरेपणावर उभा असतो.