छाती दाबताना बरगडी मोडली तर?



हंगाम असो की उन्हाळी पाणीपाळी, मोटारीचा शॉक लागून किंवा उभ्या उभ्या हृदय बंद पडून माणूस कोसळतो. भोवती दहाजण जमतात, पण छाती दाबायला कोणी पुढे होत नाही. "बरगडी मोडली तर आपल्यावर यायचं!" ही भीती अगदीच खोटी नाही, म्हणून तिच्याविषयी उघड बोललेले बरे.

ही रीत १९६० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी जगापुढे मांडली. (यातले कौवेनहोवेन मूळचे विजेचे इंजिनियर!) त्याआधी बंद हृदय चोळायचे तर सर्जन छाती उघडीत. त्या मानाने मोडलेली बरगडी हा स्वस्तातला सौदा म्हणायचा.

मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, ६ च्या पुढे नको. आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. एवढा जोर लावला की बरगड्या, कधी छातीचे मधले हाडसुद्धा, कट्कन मोडते. म्हाताऱ्यांत जास्तच. जाणत्या डॉक्टरच्या हातूनही हे वरचेवर घडते. लहान मुलांची हाडे लवचिक, ती क्वचितच मोडतात. यकृताला किंवा पानथरीला इजा त्याहून कितीतरी कमी; पण हात पोटाकडे घसरला की तो धोका वाढतो. म्हणून तळहात छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा. कट् आवाज आला तर हाताची जागा बघायची अन् पुढे चालू ठेवायचे. थांबलात तर मेंदूचे रक्त थांबते.

"आणि हृदय चालूच असलं तर?" असेही विचारतात. अशा लोकांची पाहणी अमेरिकेत सिॲटल परिसरात झाली, २०१० साली छापून आली. शंभरात दोघांच्या आसपास हाड मोडले होते, पोटातल्या अवयवाला इजा कोणालाच नव्हती.

तेव्हा हाकेला ओ नाही आणि श्वास नाही, किंवा नुसती घरघर आहे, तर एकाने १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने छाती दाबायला घ्यावी. शॉक असेल तर मात्र आधी मेन स्विच पाडा, नाहीतर वाचवायला गेलेलाही जायचा.

माणूस शुद्धीवर आला तर छाती दाबल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे, म्हणजे ते छातीबरोबर पोटही तपासतील. बरगडीला प्लॅस्टर घालीत नाहीत. दुखणे कमी करणारे औषध देतात, खोल श्वास घ्यायला लावतात. साधारण सहा आठवड्यांत ती जुळते.