लक्झेंबर्गला पाठवलेला प्रश्न

पोलंडच्या मध्यभागी वोविच नावाचे लहान शहर आहे. सरकारने सोपवलेली कामे तिथल्या नगरपालिकेने २००५ ते २०१५ या काळात केली, पण त्यापोटी आलेला पैसा अपुरा होता. राहिलेली रक्कम मिळावी म्हणून तिने सरकारवर दावा लावला. हिशेबाचा हा रुक्ष खटला वूच शहरातल्या न्यायालयात एवा माचेयेव्स्का यांच्यापुढे चालला होता. निकाल सरकारच्या विरोधात जाईल अशी चिन्हे होती. पण मधल्या काळात कायदे बदलले होते आणि न्यायाधीशांवर शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या यंत्रणेच्या नाड्या न्यायमंत्र्यांच्या हाती गेल्या होत्या. सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून उद्या आपल्यामागे चौकशी लागणार असेल, तर हे न्यायालय स्वतंत्र कसे म्हणायचे? २०१८ मध्ये माचेयेव्स्का यांनी खटला जागीच थांबवला आणि ही शंका लक्झेंबर्गला लिहून पाठवली.

शंका लिहून पाठवण्याची ही जी सोय आहे, तिच्यावर आज युरोपातल्या कायद्याच्या राज्याची बरीच भिस्त आहे.

लक्झेंबर्गमध्ये बसते ते युरोपीय संघाचे न्यायालय. हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय वेगळे. ते देशादेशांमधले तंटे पाहते. स्ट्रासबूर्गचे मानवाधिकार न्यायालय आणखी वेगळे. त्याच्या कक्षेत ४६ देश येतात आणि तिथे सामान्य नागरिक थेट तक्रार करू शकतो. लक्झेंबर्गचे न्यायालय संघाच्या २७ देशांचे. १९५२ मध्ये सहा देशांच्या कोळसा आणि पोलाद मंडळासाठी ते सुरू झाले. शहरातल्या किर्शबर्ग पठारावर आता त्याचे तीन सोनेरी मनोरे उभे आहेत, तिसरा २०१९ मधला. २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत खटला दाखल होतो. भाषांतर करणारे सगळे कायद्याचे पदवीधर असतात. मात्र न्यायाधीश दार लावून विचारविनिमयाला बसले की दुभाषे बाहेर. आत फक्त फ्रेंच चालते.

प्रत्येक देशाचा एक न्यायाधीश. नेमणूक सहा वर्षांची, आणि फेरनेमणूक होऊ शकते. त्यासाठी नाव सुचवणार कोण? त्या त्या देशाचे सरकार. म्हणजे इतर देशांच्या न्यायाधीशांना स्वातंत्र्याचे धडे देणाऱ्या न्यायाधीशाची स्वतःची खुर्ची दर सहा वर्षांनी मायदेशीच्या सरकारच्या मर्जीवर येते. हे मला खटकते. यावर त्यांनी काढलेला तोडगा मात्र धूर्त आहे: मतभेदाचा निकाल कधीच छापत नाहीत. कोणी कोणत्या बाजूने मत दिले ते बाहेर कळत नाही, त्यामुळे घरच्या सरकारला राग काढायला नेमका माणूस सापडत नाही. २०१० पासून उमेदवारांची पारख करणारी तज्ज्ञांची समितीही आहे. आपल्याकडे न्यायाधीशाचे भिन्नमत हे त्याच्या धैर्याचे प्रमाण मानले जाते. इथे ते गुप्त राहते म्हणूनच धैर्य शक्य होते.

आता त्या सोयीकडे येऊ. संघाच्या करारातले कलम २६७ सांगते की सदस्य देशातल्या कोणत्याही न्यायालयाला युरोपीय कायद्याच्या अर्थाबद्दल शंका आली, तर त्याने ती थेट लक्झेंबर्गला विचारावी. थेट म्हणजे थेट. वरिष्ठ न्यायालयाची परवानगी नको, मंत्रालयाचा शेरा नको. उत्तर यायला साधारण दीड वर्ष लागते, तोवर मूळ खटला थांबतो. उत्तर आले की निकाल पुन्हा त्या स्थानिक न्यायाधीशानेच द्यायचा. अलीकडे असे पाचशेच्या आसपास प्रश्न दरवर्षी येतात. बहुतेक सीमाशुल्क, मूल्यवर्धित कर, ग्राहकांची कर्जे, विमानाचा उशीर यांविषयी.

पण या न्यायालयाचे मोठे सिद्धान्त असल्याच किरकोळ प्रश्नांतून उगवलेले आहेत. इटलीत वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा फ्लामिनिओ कोस्ता नावाच्या मिलानच्या वकिलाने, निषेध म्हणून, छोट्याशा रकमेचे वीजबिल भरायचे नाकारले. क्षुल्लक दावे चालवणाऱ्या स्थानिक न्यायाधीशाने प्रश्न पाठवला आणि १९६४ मध्ये लक्झेंबर्गने सांगितले की राष्ट्रीय कायदा आणि युरोपीय कायदा यांत विरोध आला तर युरोपीय कायदा वरचढ. एवढे मोठे तत्त्व, आणि मुळाशी एक थकलेले वीजबिल!

निःस्पृह न्यायाधीशाचा विषय निघाला की मराठी माणसाला रामशास्त्री आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण रामशास्त्री एकटे होते. पेशव्याला खडे बोल सुनावून पुणे सोडणे एवढाच मार्ग त्यांच्यापुढे उरला. कलम २६७ ने तालुक्याच्या न्यायाधीशालाही तिसरा मार्ग दिला. ना वाकायचे, ना राजीनामा द्यायचा, प्रश्न विचारायचा.

संघाकडे याहून जबर हत्यार कागदावर आहे. कलम ७ नुसार मूल्ये पायदळी तुडवणाऱ्या देशाचा मताधिकार काढून घेता येतो. पोलंडविरुद्ध ते २० डिसेंबर २०१७ रोजी उपसले गेले, हंगेरीविरुद्ध सप्टेंबर २०१८ मध्ये. पण शिक्षेसाठी बाकीच्या सगळ्या देशांचे एकमत लागते, आणि वॉर्साला बुडापेस्टने व बुडापेस्टला वॉर्साने वाचवायचे हे आधीच ठरलेले होते. सुनावण्यांमागून सुनावण्या झाल्या, शिक्षा कोणालाच झाली नाही. सरकारे सरकारांना शिक्षा करत नाहीत, एवढेच त्यातून दिसले.

न्यायालयाचा पहिला धडाही फारसा गौरवाचा नाही. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून एका झटक्यात ६२ वर आणले. २०१२ मध्ये दोनशेहून अधिक अनुभवी न्यायाधीश घरी गेले. त्यांत न्यायालयांचे प्रमुख पुष्कळ. नोव्हेंबर २०१२ मध्ये लक्झेंबर्गने हा कायदा बेकायदा ठरवला, पण कशाच्या आधारावर? नोकरीत वयावरून भेदभाव होऊ नये या नियमाच्या. न्यायाधीश म्हणजे जणू वेळेआधी काढलेले कारकून! स्वातंत्र्याचा मुद्दाच निघाला नाही. निकाल आला तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या. अनेकांनी भरपाई घेतली; परतलेल्यांतल्या पुष्कळांना जुने प्रमुखपद मिळाले नाही. खटला जिंकला आणि न्यायालये गेली.

पुढच्या लढाईचे शस्त्र आले पोर्तुगालमधून, अगदीच अनपेक्षितपणे. काटकसरीच्या वर्षांत तिथे सरकारी पगार कापले गेले, त्यात लेखापरीक्षण न्यायालयाच्या न्यायाधीशांचेही. त्यांच्या संघटनेने दावा केला, प्रश्न लक्झेंबर्गला गेला. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते हरले: कपात तात्पुरती आहे, सगळ्यांना सारखी आहे, तिने स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. मात्र जाता जाता न्यायालयाने एक वाक्य रोवून ठेवले. युरोपीय कायद्याचा प्रश्न ज्याच्यासमोर येऊ शकतो असे देशातले प्रत्येक न्यायालय स्वतंत्र असलेच पाहिजे, आणि ते तसे आहे का हे तपासायचा अधिकार आम्हाला आहे. पगारकपातीच्या खटल्यात एवढे बोलायची गरज नव्हती. त्या वेळी वॉर्सात काय चालले आहे हे मात्र सगळ्यांना दिसत होते.

पोलंडमध्ये २०१५ मध्ये कायदा आणि न्याय पक्ष सत्तेवर आला. आधी घटना न्यायाधिकरण ताब्यात गेले. मग न्यायाधीशांची निवड करणाऱ्या राष्ट्रीय न्याय परिषदेतल्या १५ न्यायाधीश-सदस्यांना न्यायाधीशांऐवजी संसद निवडू लागली. मग सर्वोच्च न्यायालय: निवृत्तीचे वय ७० वरून ६५. पुढे राहायचे असेल तर राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज करायचा. मुदतवाढ द्यायची की नाही याला कसलेच निकष नाहीत.

इथे आपल्या वाचकाला प्रश्न पडेल, त्यात एवढे काय? आपल्याकडे उच्च न्यायालयात ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. खरे आहे, आकड्यात पाप नाही. पण आपल्याकडचा आकडा न्यायाधीश खुर्चीत बसण्याआधीच ठरलेला असतो. पोलंडमध्ये तो खुर्चीत बसलेल्या माणसाचे वय पाहून बदलला. सुमारे तृतीयांश न्यायालय रिकामे होणार होते, त्यात सरन्यायाधीश माउगोझाता गेर्सडॉर्फही होत्या. त्यांची सहा वर्षांची मुदत खुद्द राज्यघटनेत लिहिलेली होती. ४ जुलै २०१८ च्या सकाळी, सरकारच्या लेखी निवृत्त झालेल्या गेर्सडॉर्फ नेहमीप्रमाणे कामावर हजर झाल्या. बाहेर जमाव राज्यघटनेच्या घोषणा देत होता.

या वेळी लक्झेंबर्गने हंगेरीची चूक केली नाही. अंतिम निकालाची वाट न पाहता १९ ऑक्टोबर २०१८ रोजी अंतरिम आदेश निघाला: काढलेल्यांना परत घ्या. वर्ष संपायच्या आत सरकारने कायदा मागे घेतला आणि न्यायाधीश आपापल्या दालनांत परतले. जून २०१९ च्या निकालात आधार वयभेदाचा नव्हता, पोर्तुगालच्या खटल्यात रोवलेल्या वाक्याचा होता.

मग सरकारने मोर्चा वळवला तो प्रश्न विचारणाऱ्यांकडे. माचेयेव्स्का आणि त्यांच्यासारखाच प्रश्न पाठवणारे वॉर्साचे इगोर तुलेया यांच्याकडे शिस्त अधिकाऱ्याने खुलासा मागितला. ओल्श्टिनचे पावेल युश्चिशिन यांनी नव्या न्याय परिषदेच्या उमेदवारांना पाठिंबा कोणी दिला त्या याद्या संसदेकडे मागितल्या; फेब्रुवारी २०२० मध्ये ते निलंबित झाले, पगार ४० टक्क्यांनी कापला गेला. त्याच हिवाळ्यात लक्झेंबर्गचे निकाल लागू करणाऱ्या न्यायाधीशांना शिक्षेची तरतूद करणारा कायदा झाला. लोक त्याला मुसक्यांचा कायदा म्हणत. त्याविरुद्ध ११ जानेवारी २०२० रोजी वॉर्साच्या रस्त्यांवर झग्यांचा मोर्चा निघाला. वीसहून अधिक देशांचे न्यायाधीश आपापले झगे घालून त्यात चालले. न्यायाधीशांनी मोर्चे काढू नयेत असे माझे मत आहे. त्या दिवसापुरते ते बाजूला ठेवतो.

वोविचच्या खटल्याचे उत्तर २६ मार्च २०२० रोजी आले आणि ते वरवर निराशेचे होते. नगरपालिकेच्या थकबाकीचा युरोपीय कायद्याशी संबंध नाही, म्हणून प्रश्न अग्राह्य. पण त्याच निकालात न्यायालयाने बजावले की प्रश्न पाठवला या कारणावरून कोणत्याही न्यायाधीशावर शिस्तभंगाची कारवाई करता येणार नाही. त्या काळी पोलंडमधल्या न्यायाधीशांना याच ओळीची गरज होती.

पुढचा भाग पैशाचा. सर्वोच्च न्यायालयातला शिस्त विभाग बंद करा, हा लक्झेंबर्गचा आदेश पाळला नाही म्हणून २७ ऑक्टोबर २०२१ रोजी पोलंडला रोज १० लाख युरो दंड ठोठावला गेला. सरकारने भरला नाही. लक्झेंबर्गकडे ना पोलीस, ना बेलिफ. पण पोलंडला जाणाऱ्या संघाच्या निधीतून युरोपीय आयोग ती रक्कम वळती करू लागला. एप्रिल २०२३ मध्ये दंड निम्मा झाला आणि जून २०२३ मध्ये थांबला, तोवर दंडाचा आकडा ५० कोटी युरोंच्या वर गेला होता. त्याखेरीज महासाथीनंतरच्या उभारणीचे सुमारे ३५ अब्ज युरो न्यायव्यवस्थेच्या अटींमध्ये अडकून राहिले. शिस्त विभाग २०२२ मध्ये गेला, युश्चिशिन आणि तुलेया त्याच वर्षी कामावर परतले. आदर्शांपेक्षा वजावट जास्त चालली, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत सत्ता बदलली आणि मे २०२४ मध्ये आयोगाने कलम ७ ची कारवाईही संपवली. प्रश्न मात्र त्यानंतरच अवघड झाला. बदललेल्या न्याय परिषदेने अडीच हजारांहून अधिक न्यायाधीश निवडले आहेत. त्यांच्या निकालांवर घटस्फोट झाले, वाटण्या झाल्या, मुलांचा ताबा ठरला. ते खरे न्यायाधीश की नाहीत? सर्वोच्च न्यायालयात अशाच नेमणुकांनी भरलेल्या एका विभागाने लक्झेंबर्गला प्रश्न पाठवला, तेव्हा २१ डिसेंबर २०२३ रोजी तो परत गेला: विचारणारे न्यायालयच नव्हे. खालच्या कोर्टांतल्या बाकीच्यांबद्दल असा सरसकट शिक्का मारायचे लक्झेंबर्गने टाळले आहे. कोणाला ठेवायचे, कोणाला पुन्हा परीक्षेला बसवायचे, हा कायदा वॉर्सालाच करावा लागणार, आणि त्यावर सही राष्ट्राध्यक्षांची लागते. त्या खुर्चीत आधी आंद्झेय दुदा होते. ऑगस्ट २०२५ पासून कारोल नाव्रोत्स्की आहेत, आणि तेही जुन्या सत्ताधारी पक्षाच्याच पाठिंब्यावर निवडून आलेले.